वाळा

(हिं. खस, गु. वाळो, क. लावंच, सं. वीरण, उशीर; लॅ. क्रायसोपोगॉन झिझॅनॉइडिस, कुल-ग्रॅमिनी). दाट ठोंबाने वाढणारे, १·५ ते २ मी. उंच बहुवर्षायू गवत. निघंटूंत (आयुर्वेदातील वनस्पती व औषधींच्या कोशांत) वीरण हे गवताचे व उशीर हे त्याच्या मुळांचे नाव आहे. ‘काळा वाळा’ (ह्रीबेर) ही निराळी वनस्पती होय.

लिनीअसने १७७१ मध्ये ही जाती फॅलॅरिस वंशात घातली. पुढे ती अँड्रोपोगॉनमध्ये व १९०३ मध्ये व्हेटिव्हेरिया वंशात गेली. हा वंश क्रायसोपोगॉनपासून वेगळा राखण्याजोगी लक्षणे नाहीत, असे १९९९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ व्हेल्डकँप यांनी दाखविले. तेच येथे ग्राह्य धरले आहे. उद्यानविद्येच्या पुस्तकांत मात्र व्हेटिव्हेरिया हे जुने नाव अजून चालते.

लांब मूलक्षोड (जमिनीखालचे आडवे खोड) वा तिरश्चर (जमिनीवर सरपटणारे खोड) नसल्याने ठोंब आडवा पसरत नाही. नवे फुटवे कडेने येतात. त्यामुळे जुन्या ठोंबाचा मधला भाग वाळून पोकळ होतो. पाती अरुंद, ताठ, सु. १ मी.पर्यंत लांब, कडांना खरखरीत. तळाची आवरके (पात्यांचे खोडाला वेढणारे भाग) चपटी व एकमेकांवर बसलेली. जिव्हिका (पाते व आवरक यांच्या सांध्यावरील पातळ पापुद्रा) नावापुरतीच. परिमंजरी (शाखायुक्त फुलोरा) १५–४० सेंमी., शाखा मंडलाकार. कणिशके (फुलोऱ्याचे लहान घटक) जोडीने येतात : बिनदेठाचे द्विलिंगी, देठाचे पुं-पुष्पी. बिनदेठाच्या कणिशकाच्या खालच्या तुषावर (तळाच्या खवल्यासारख्या पानावर) बारीक काटेरी उंचवटे असतात. भिंगाखाली ते चटकन दिसतात. प्रशूक (कुसळ) नसतो किंवा अगदी आखूड असतो.

मुळे तंतुमय, सरळ खाली २–३ मी. जाणारी. त्यांतील सुगंधी तेल मध्यत्वचेच्या (सालीखालच्या थराच्या) आतल्या, अंतस्त्वचेलगतच्या (त्या थराच्या सर्वांत आतील स्तरालगतच्या) पेशींत साठते. गाळ साचून बुडखा गाडला गेला, तर वरच्या पेरांना नवी मुळे फुटतात. म्हणून बांधावर हे गवत टिकते. सावलीत मात्र विरळ होते.

मूलस्थानाबद्दल एकमत नाही. भरपूर बी धरणारा उत्तर भारतीय प्रकार नदीकाठच्या दलदलीत रानटी आढळतो, त्याचे तेल वामवलनी (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळविणारे). दक्षिणेकडील लागवडीचा प्रकार बहुधा वंध्य व तेल दक्षिणवलनी (ते प्रतल उजवीकडे वळविणारे). दुसरा पहिल्यातूनच निवडीने आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. भारताबाहेरील बरीचशी लागवड ‘सनशाइन’ या एकाच जनुकप्रकाराची असल्याचे डीएनए-परीक्षणांत आढळले आहे.

अभिवृद्धी फुटव्यांनी करतात. पाती १५–२० सेंमी. ठेवून छाटतात व बुडख्याचा तुकडा असलेले फुटवे जून-जुलैत ६० × ६० सेंमी. अंतरावर लावतात, बांधावर १०–१५ सेंमी. पुरते. बुडखा नसलेला फुटवा रुजत नाही. पाती न छाटल्यास मुळे धरण्याआधीच तो सुकतो. मुळे १५–१८ महिन्यांनी काढतात. त्याआधी काढल्यास तेल पातळ व हिरवट वासाचे मिळते, फार उशीर झाल्यास तेलाचा उतारा घटतो. खोदताना बारीक मुळे तुटून मातीतच राहतात, हे नुकसान भुसभुशीत जमिनीत कमी होते.