कर्नलमधील प्रोसेसर आयडल व्यवस्थापन

प्रोसेसरच्या कोअरला काम उरले नाही, की त्याला कमी वीज खाणाऱ्या अवस्थेत पाठवणे आणि काम येताच वेळेत जागे करणे, या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) कामाला आयडल व्यवस्थापन म्हणतात. लिनक्समध्ये त्यासाठीची ‘सीपीयू-आयडल’ ही चौकट २.६.२४ या आवृत्तीपासून आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात या विषयाची गरज दोन टोकांना भासते. एका टोकाला डेटा सेंटरे आहेत. तिथे सर्व्हरने वाचवलेल्या प्रत्येक वॅटबरोबर ती उष्णता बाहेर काढण्याची वीजही वाचते. दुसऱ्या टोकाला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात बसवले जाणारे, पंखा नसलेल्या बंद डब्यातले कंट्रोल बोर्ड आहेत.

अवस्था आणि आकडे

प्रत्येक आयडल अवस्थेला दोन आकडे चिकटलेले असतात : जागे व्हायला लागणारा वेळ, आणि किमान किती वेळ झोपल्यास ती अवस्था परवडते तो मुक्काम. इंटेलच्या स्कायलेक सर्व्हर प्रोसेसरसाठी ‘इंटेल-आयडल’ ड्रायव्हरच्या तक्त्यात सी१ या उथळ अवस्थेला २ आणि २, सी१ईला १० आणि २०, तर सी६ या खोल अवस्थेला १३३ आणि ६०० मायक्रोसेकंद दिले आहेत. सी६मध्ये कोअरचा वीजपुरवठाच तोडला जातो. त्यामुळे बचत मोठी होते, पण आत-बाहेर करण्याचा खर्चही मोठा असतो.

अवस्थेत शिरायचे कसे हे ड्रायव्हर जाणतो, कोणत्या अवस्थेत शिरायचे हे गव्हर्नर ठरवतो. ‘मेनू’ हा गव्हर्नर पुढचा टायमर किती दूर आहे ते पाहतो आणि आधीच्या आठ मुक्कामांवरून अंदाज दुरुस्त करतो. ५.१ आवृत्तीत आलेला ‘टीईओ’ टायमरच्या घटनांवर अधिक भर देतो. दोघांचाही हिशोब तक्त्यातल्या आकड्यांवर चालतो. आकडे चुकीचे असतील तर चांगला गव्हर्नरही चुकीचाच निर्णय घेणार.

नव्या बोर्डासाठी

आर्म प्रोसेसरवर सुरुवात फक्त ‘डब्ल्यूएफआय’ या सूचनेने करावी. यात घड्याळ थांबते, पण रजिस्टर आणि कॅश (कोअरजवळची तात्पुरती साठवण) शाबूत राहतात. ही पायरी पक्की झाल्यावरच वीज तोडणाऱ्या अवस्थांकडे वळावे. त्या अवस्था कर्नल स्वतः घडवत नाही. पीएससीआय या ठरलेल्या पद्धतीने फर्मवेअरला (चिपसोबत येणाऱ्या, कर्नलच्या खालच्या सॉफ्टवेअरला) विनंती करतो. म्हणून फर्मवेअरमधले सीपीयू-सस्पेंड हे कोअर झोपवणारे फंक्शन आधी तपासावे. नंतर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये) प्रत्येक अवस्थेची नोंद करावी : शिरण्याचा वेळ, बाहेर पडण्याचा वेळ, किमान मुक्काम, पीएससीआयला द्यायचा आकडा आणि त्या अवस्थेत कोअरचा टायमर बंद पडत असल्यास तशी खूण. अवस्था उथळीकडून खोलीकडे याच क्रमाने लिहाव्यात. एवढे नीट झाले, तर कर्नलमध्ये आधीपासून असलेला पीएससीआयचा ड्रायव्हर पुरतो, नवा लिहावा लागत नाही. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवर हेच काम एसबीआय या तशाच ठरलेल्या पद्धतीमार्फत होते. त्याचा ड्रायव्हर ५.१८ आवृत्तीत आला.

मोजणी

घाई असली की दुसऱ्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीतले आकडे उचलले जातात आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. तीच चिप असली तरी रेग्युलेटर, मेमरी आणि फर्मवेअर बदलले, की जागे होण्याचा वेळ बदलतो.

कोअरच्या पुरवठ्याच्या वाटेत शंट रेझिस्टर (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध) बसवून ऑसिलोस्कोपवर प्रवाह पाहावा. शिरताना आणि उठताना एक जीपीआयओ पिन (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी) हलवली, की ऊर्जेचा आलेख आणि वेळ जुळवता येतात. जागे होण्याचा वेळ सरासरी न घेता सर्वांत वाईट घ्यावा. वीज तोडण्याआधी कॅशमधला बदललेला डेटा मेमरीत उतरवावा लागतो, म्हणून चाचणीत कॅश मुद्दाम भरलेली आणि मेमरी सर्वांत कमी वेगावर ठेवावी.

समजा, डब्ल्यूएफआयमध्ये कोअर १२० मिलिवॅट खातो, वीज तोडल्यावर २० मिलिवॅट, आणि आत-बाहेर करायला १५० मायक्रोज्यूल जादा लागतात. १५०ला १०० मिलिवॅटच्या फरकाने भागले, की किमान मुक्काम १,५०० मायक्रोसेकंद निघतो. तोच बोर्ड मे महिन्यात महाप्याच्या एखाद्या शेडवर पत्र्याच्या डब्यात तापला, की चिपमधली विजेची गळती वाढते. आकडे १८० आणि ३० झाले असे धरले, तर किमान मुक्काम १,००० मायक्रोसेकंदांवर येतो. म्हणजे वातानुकूलित खोलीतली मोजणी उन्हातल्या बोर्डासाठी सावध बाजूला चुकते : बचत थोडी हुकते, तोटा होत नाही. बोर्ड कायम तापणाऱ्या जागीच बसणार असेल, तर मोजणी त्याच तापमानाला करावी.

काय बिघडते

सर्वांत फसवा दोष म्हणजे हरवलेली जाग. एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर) इंटरप्ट, म्हणजे कोअरचे लक्ष वेधणारे हार्डवेअरचे इशारे, उघडणारी ‘एसटीआय’ आणि झोपवणारी ‘हॉल्ट’ या सूचना लागोपाठच हव्यात. एसटीआयचा परिणाम पुढची सूचना संपेपर्यंत लांबतो, म्हणून इंटरप्ट या दोघींच्या मध्ये घुसू शकत नाही. मध्ये आणखी एक सूचना आली, तर इंटरप्ट तिथेच हाताळला जातो, काम रांगेत लागते आणि कोअर तरीही झोपतो. आर्मवर इंटरप्ट बंद असतानाच डब्ल्यूएफआय करावे. इंटरप्ट अडवलेला असला तरी तो आल्यावर कोअर जागा होतो, आणि मग इंटरप्ट उघडता येतात.

डिव्हाइस ट्रीतली टायमर बंद पडण्याची खूण राहून गेली, तर एका सेकंदाची झोप कितीही लांबते. सीरियल पोर्टवर एखादे अक्षर आले, की बोर्ड अचानक पुढे सरकतो. हे लक्षण दिसल्यास आधी ती खूण पाहावी.

कारखान्यातल्या मॉडबसच्या (यंत्रांमधल्या सीरियल संवादपद्धतीच्या) लाइनवर वेगळीच अडचण येते. १,१५,२०० बॉडला एक अक्षर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येते. यूएआरटीचा (सीरियल पोर्ट चालवणाऱ्या सर्किटचा) बफर १६ बाइटचा आणि इंटरप्ट आठव्या बाइटला असेल, तर कोअरला उठून बफर रिकामा करायला जेमतेम ०.७ मिलिसेकंद उरतो. उठायला १ मिलिसेकंद घेणारी अवस्था इथे अक्षरे गाळणारच. त्यासाठी ती अवस्था सरसकट बंद करू नये. पोर्ट उघडा असेपर्यंत ड्रायव्हरने पीएम-क्यूओएस या कर्नलच्या सोयीमार्फत उठण्याच्या विलंबाची मर्यादा मागावी.

हार्डवेअरची खोड असेल तर उपाय आखडता घ्यावा लागतो. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर खोल अवस्थांमुळे यंत्र गोठत असे आणि अनेकांनी बूट करताना कमाल सी-स्टेट (आयडल अवस्था) १वर बांधून काम भागवले. असा उपाय कोणत्या चिपसाठी आहे, हे कोडमध्ये नेमके लिहायला हवे. जुन्या चिपसेटसाठी २००२च्या सुमारास घातलेले एक जादा पोर्ट-वाचन एसीपीआयच्या (पीसी-सर्व्हरमधल्या वीज व्यवस्थापनाच्या मानकाच्या) आयडल कोडमध्ये तसेच राहिले होते. एएमडीच्या झेन प्रोसेसरवर त्याने मुक्कामाचा हिशोब बिघडत होता. २०२२मध्ये ते इंटेलपुरते मर्यादित केले गेले.

तपासणी

सिस-एफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक कोअरच्या प्रत्येक अवस्थेखाली वापराची संख्या, एकूण वेळ, ‘अबव्ह’, ‘बिलो’ आणि ‘रिजेक्टेड’ हे आकडे मिळतात. ‘अबव्ह’ म्हणजे मुक्काम त्या अवस्थेला न परवडण्याइतका छोटा निघाला. ‘बिलो’ म्हणजे आणखी खोल जाता आले असते. खोल अवस्थेचा ‘अबव्ह’ वापराच्या मानाने मोठा असेल, तर किमान मुक्काम पुन्हा मोजावा. ‘रिजेक्टेड’ वाढत असेल, तर फर्मवेअर विनंती नाकारत आहे. तिथे पीएससीआयला दिलेला आकडा तपासावा. प्रत्येक अवस्थेची ‘डिसेबल’ फाइल १ करून एकेक अवस्था वेगळी काढता येते. दोष नेमक्या कोणत्या अवस्थेत आहे, हे अशाने पुन्हा बूट न करता कळते.