अन्न-अ‍ॅलर्जी आणि पदार्थांतील पर्यायी घटक (सातारा-सांगली परिसर)

एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसासाठी नेहमीच्या पदार्थातून तो घटक काढायचा आणि चव, पोत, बांधणी शक्य तितकी राखत त्याच्या जागी दुसरा घटक घालायचा, ही स्वयंपाकाची पद्धत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या स्वयंपाकात ती शेंगदाणा, तीळ, गहू, दूध आणि हरभरा यांच्यापाशी सर्वांत जास्त लागते. भाजीत कूट, भाकरीला तीळ, सणाला पोळी, पाहुण्याला पेढा आणि घाईच्या वेळी पिठले, असे इथले ताट याच जिनसांवर उभे आहे.

अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला अपायकारक समजून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. ते अन्न पुन्हा पोटात गेले की हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, उलट्या होतात, दम लागतो, आणि तीव्र झटक्यात रक्तदाब कोसळतो. अंगावर गांधी आल्या की ‘पित्त उठले’ म्हणून आमसूल चोळायची पद्धत घराघरांत आहे. त्यामुळे त्या दिवशी नेमके काय खाल्ले होते, याकडे लक्ष जात नाही आणि खरे कारण वर्षानुवर्षे ताटात येत राहते.

दुधातली साखर न पचणे आणि दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात ताक, दही, तूप बहुधा चालते. दुसऱ्यात चमचाभर ताकही धोक्याचे ठरू शकते. गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक आजार यांच्यातही असाच फरक आहे. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होत जाते आणि गव्हाबरोबर जव आणि राय ही धान्येही सोडावी लागतात. म्हणून पर्याय शोधण्याआधी निदान हवे. त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली एवढ्यावरून अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही. खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय होते, याची चाचणीशी सांगड डॉक्टरच घालतात. नुसत्या संशयावरून वाढत्या मुलाचे दूध, गहू, डाळी एकदम बंद करणे हा मुलावर अन्याय आहे.

दाण्याचा कूट

या परिसरात सर्वांत अवघड पर्याय कुटाचा. भरली वांगी, मेथीची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर, ठेचा, साबुदाण्याची खिचडी, सगळीकडे तोच कूट असतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचे काम निराळे असते. रश्श्यात तो दाटपणा आणि स्निग्धपणा देतो, कोशिंबिरीत सुटलेले पाणी शोषतो, खिचडीत साबुदाण्याचे दाणे एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून कुटाला एकच पर्याय सांगणे चुकीचे आहे. त्या पदार्थात कूट काय करतो ते आधी पाहावे आणि तेवढे काम करणारी वस्तू निवडावी.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. फुटाण्याच्या डाळ्यात ते पाच-सहा टक्केच असते, तर सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर. नुसते डाळे घातले तर वांग्याचा रस्सा दाट होतो पण कोरडा लागतो, तर्री सुटत नाही. नुसते खोबरे घातले तर तेल सुटते, पण रस्सा धरत नाही आणि पाणी वेगळे दिसते. दोन भाग भाजलेले सुके खोबरे आणि एक भाग डाळ्याची पूड असे वजनाने घेतले, तर स्निग्धपणा कुटाच्या बराच जवळ येतो. चौघांच्या भरल्या वांग्यांना जिथे अर्धी वाटी कूट लागतो, तिथे या मिश्रणाची अर्धी वाटीच पुरते. डाळे मात्र शिजताना फुगते. त्यामुळे पाणी थोडे जास्त ठेवावे, आणि मीठ शेवटी चाखून घालावे, कारण दाण्याचा मूळ गोडवा इथे नसतो. चिमूटभर गूळ घातला की ती उणीव भरून निघते.

कोशिंबिरीला ओले खोबरे पुरेसे आहे. काकडी आधी पिळून घ्यावी. खिचडीत साबुदाणा कमी पाण्यात भिजवून, बटाट्याच्या बारीक फोडी आणि ओले खोबरे घालून परतल्यास दाणा मोकळा राहतो. उपवासाला डाळे चालत नाही आणि अनेक घरांत तीळही चालत नाहीत, तेव्हा भगरीबरोबरच्या दाण्याच्या आमटीऐवजी उकडलेला बटाटा कुस्करून, आमसूल आणि जिरे घालून केलेली पातळ आमटी चांगली लागते. तिला चमचाभर राजगिऱ्याचे पीठ लावले की ती दाट होते.

दाण्याचा म्हाद्या, शेंगपोळी, दाण्याची चटणी अशा पदार्थांत दाणा हाच पदार्थ असतो. त्यांची नक्कल करण्यापेक्षा कारळ्याची किंवा जवसाची चटणी करावी. या दोन्ही चटण्या माणदेशी भाकरीबरोबर पहिल्यापासून आहेत आणि कशाचीही जागा भरून काढण्यासाठी जन्मलेल्या नाहीत. मात्र कारळे, जवस आणि तीळ यांचीही अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून नवी बी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मेथीदाण्याचेही तसेच. तो शेंगदाण्याच्याच कुळातला आहे आणि काही शेंगदाणा-अ‍ॅलर्जी असलेल्यांना मेथीचाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

दाणा भाजल्याने किंवा उकडल्याने निर्धोक होत नाही. कोरडे भाजल्यावर त्यातली काही प्रथिने प्रतिकारयंत्रणेला उलट अधिक चिथावतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तेलाची गोष्ट वेगळी. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते उरते. दोन्ही जिल्ह्यांत घाण्याच्या तेलाचे चलन पुन्हा वाढले आहे. एरवी ही आनंदाचीच बाब, पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने ते तेल टाळावे. त्याच घाण्यावर करडई किंवा सूर्यफूल गाळले असेल, तर तेही विचारूनच घ्यावे.

गिरणी, भट्टी आणि मसाल्याचा डंख

घरी जिन्नस बदलले तरी धोका बाहेरून येतो. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते, त्यामुळे गहू न चालणाऱ्याला भाकरी हा आयता आधार आहे. पण ज्या जात्यावर आधी गहू दळला, त्याच जात्यावर ज्वारी टाकली तर पिठात गहू येतोच. अनेक गिरण्यांत गव्हाची आणि ज्वारीची चक्की वेगळी असते, पण सुपातले, चाळणीतले आणि हवेत उडालेले पीठ वेगळे राहत नाही. ज्वारीच्या चक्कीवर सकाळचे पहिले दळण आपले घ्यायला सांगणे आणि सुरुवातीचे दोन-तीन मूठ पीठ बाजूला काढणे हा गावातला व्यवहार्य मार्ग. सिलिअ‍ॅक असणाऱ्याला तोही पुरत नाही. त्याने घरघंटी घ्यावी आणि तीत गहू कधीच टाकू नये. सोयाबीनच्या अ‍ॅलर्जीलाही हेच लागू, कारण पोळीच्या दळणात मूठभर सोयाबीन मिसळण्याची पद्धत बरीच पसरली आहे.

भडभुंज्याच्या भट्टीत शेंगा आणि फुटाणे एकाच वाळूत भाजले जातात. म्हणजे कुटाला पर्याय म्हणून आणलेल्या डाळ्यातच दाण्याचा अंश येऊ शकतो. सांगलीचा भडंग घरी करायचा तर कोरडे चुरमुरे, लसूण, तिखट आणि खोबऱ्याचे तळलेले काप एवढ्यावर उत्तम होतो. दुकानातला ‘बिनदाण्याचा भडंग’ मागवणे किंवा भडंगातले दाणे वेचून बाजूला काढून उरलेला खाणे मात्र कधीच करू नये.

कांदा-लसूण मसाल्यात तीळ, खोबरे, धणे यांच्याबरोबर बांधणीचा हिंग असतो आणि त्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. गहू वर्ज्य असलेल्या घराने हिंगाच्या डबीवरचे घटक वाचावेत. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला डंखावर (कांडपयंत्रावर) कुटून आणताना आपल्याआधी कोणाचा मसाला पडला होता हे विचारायला संकोच करू नये. तिळाची अ‍ॅलर्जी असेल, तर मिरची-धणे भाजून घरच्या मिक्सरवर थोडा-थोडा मसाला करणेच सुरक्षित. तिळाऐवजी सुके खोबरे सव्वापट घेतले की रंग आणि तर्री टिकते.

खपली आणि पुरणपोळी

खपली गहू या भागाचा अभिमान आहे. जत्रा-उरुसाची खीर त्याचीच. तो पचायला हलका म्हणून गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यालाही चालतो, हा समज घट्ट आहे आणि तो घातक आहे. खपली हा गव्हाचाच एक जुना प्रकार असून त्यात ग्लुटेन असते. त्याच्या खिरीला पर्याय हवा असेल तर ज्वारी रात्रभर भिजवून, जाडसर भरडून केलेल्या कण्या घ्याव्यात. गूळ, खोबरे, सुंठ, जायफळ तेच. कण्या पूर्ण शिजल्यावरच गूळ घालायचा, नाहीतर दाणा आखडतो.

पुरणपोळी अवघड. पोळी लाटताना फाटत नाही ती गव्हातल्या ग्लुटेनच्या जाळ्यामुळे, आणि ज्वारीच्या पिठात ते नाही. भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात मळल्यावर त्यातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो, पण तो पुरण पोटात घेऊन पातळ लाटण्याइतका नसतो. बेंदूर आणि होळीला तांदळाची उकड काढून तिचे पुरणाचे कडबू वाफवावेत. नैवेद्य पुरणाचाच राहतो, कटाची आमटीही तीच. हरभऱ्याचीच अ‍ॅलर्जी असेल तर पुरण मूगडाळीचे करता येते. पिठल्यालाही मूगडाळीचे किंवा हुलग्याचे पीठ वापरता येते. हरभरा, मसूर आणि वाटाणा यांच्या प्रथिनांत मात्र बरेच साम्य आहे, म्हणून एका डाळीच्या जागी दुसरी डाळ अंदाजाने घालू नये.

तिळाच्या बाबतीत संक्रांत कसोटीची. भोगीची भाकरी तिळाऐवजी ओवा लावून थापावी. भोगीच्या भाजीत ओले खोबरे वाढवावे. गुळपोळीच्या सारणात भाजलेले बेसन, खसखस आणि सुके खोबरे पुरते. हलवा तिळाऐवजी साबुदाण्यावरही होतो. शाळेत वाटल्या जाणाऱ्या तिळगुळासाठी मुलाच्या डब्यात खोबरे-गुळाची वडी द्यावी आणि शिक्षकांना आधीच सांगावे.

दूध आणि अंडे

गाईचे दूध सोसत नसेल तर म्हशीचे किंवा शेळीचे द्यावे, हा सल्ला मोठ्या मायेने दिला जातो. पण या दुधांतली प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की अ‍ॅलर्जी बहुतेकदा सर्वांची असते. देशी गाईच्या दुधालाही हेच लागू. तुपात प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास फोडणी आणि भाकरी दोन्हींना तेल. खिरीला नारळाचे दूध चालते, ताकाच्या कढीऐवजी सोलकढी. मात्र नारळाच्या दुधात प्रथिन फार कमी असते. तान्ह्या बाळाला ते दुधाची जागा म्हणून देऊ नये. बाळासाठी डॉक्टर खास फॉर्म्युला सुचवतात. मोठ्या मुलाच्या कॅल्शियमसाठी पाटण-जावळीच्या डोंगरातली नाचणी मोलाची आहे. तिच्यात शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला पर्याय नाही, कारण तो खव्याशिवाय काहीच नाही. त्याऐवजी खोबऱ्याची वडी पुढे करावी.

अंडे बांधणीसाठी असेल तर उकडलेला बटाटा किंवा डाळीचे पीठ ते काम करते.

पंगत

यात्रेच्या रश्श्यात काय वाटले आहे हे यजमानाला माहीत असतेच असे नाही, आचाऱ्याला असते. विचारायचे ते त्याला. दाण्याच्या भाजीतला पळा वरणात गेला तरी त्रास व्हायला तेवढे पुरते. अ‍ॅलर्जी असलेल्या घराने पाहुणचार न दुखवता स्वतःचा डबा नेण्याची रीत आता पाडायला हवी, आणि यजमानाने त्यात मान-अपमान पाहू नये. झटका आलाच तर श्वास, घसा किंवा शुद्ध यांवर परिणाम दिसताच मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. 108 ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे, तोवर रुग्णाला आडवे ठेवावे. दम लागत असेल तर टेकून बसवावे. काही तासांनी लक्षणे परत उलटू शकतात, म्हणून बरे वाटताच घरी नेऊ नये.

पाकिटावरची माहिती

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार बंद पाकिटावर ग्लुटेन असलेली धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठीचे गंधकाचे संयुग) यांचा उल्लेख अ‍ॅलर्जीकारक म्हणून करावा लागतो. तीळ या यादीत नाहीत. अमेरिकेत ते 1 जानेवारी 2023 पासून आहेत, आणि संक्रांतीच्या या मुलखात ते इथेही असायला हवेत. सुट्टा भडंग, पेढा, फरसाण यांना तर लेबलच नसते.

सल्फाइटचा संबंध थेट तासगाव-सांगलीच्या बेदाण्याशी येतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर वाळवतात, आणि पिवळा रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. सल्फाइटचा त्रास ही बहुधा खरी अ‍ॅलर्जी नसते, पण दमा असलेल्या काहींना त्याने धाप लागते. त्यांनी गंधकाची धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा मागून घ्यावा. शिऱ्यात तो उठून दिसत नाही, पण गोडीला तसूभरही कमी नसतो.