गाडी ऑइल पितेय: व्हॉल्व्ह सील गेले की रिंगा?

वॉरंटी संपलेली पेट्रोल गाडी निळा धूर सोडायला लागली की गॅरेजमध्ये बहुधा एकच वाक्य ऐकू येतं: "इंजिन कामाला आलंय." आलं असेलही. पण निळ्या धुरावरून एवढंच कळतं की इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये जळतंय. ते वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपतंय की खालून, पिस्टनच्या रिंगांवरून चढतंय, हे रंग सांगत नाही. वरून येत असेल तर रबराचे छोटे सील बदलून भागतं, बऱ्याच इंजिनांत हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवताही. खालून येत असेल तर हेड, ऑइल संप (तळाची ऑइलची टाकी), पिस्टन सगळं बाहेर येतं. मजुरी कित्येक पटींनी वाढते.

धूर कधी येतो ते आधी पाहा. सील उष्णतेने आणि वयाने कडक होतात. कमी चाललेल्या गाडीतही होतात. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल त्यांच्यातून थेंबथेंब उतरतं, सकाळी स्टार्टर मारताच निळा भपका येतो आणि मिनिटभरात विरतो. लांब सिग्नलवर इंजिन चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबला तरी तसंच. रिंगांचा धूर ओझ्यावर येतो: भरलेली गाडी चढावर खेचत असताना, आणि जोर असेपर्यंत सतत. सोबत पिकअपही पडलेला असतो.

घाट उतरतानाचा धूर मात्र फसवतो. गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असला की इनटेक मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम वाढतो, व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून, ऑइल ओढलं जातं आणि पायथ्याशी वेग घेताना ढग उठतो. हे सीलचं लक्षण म्हणून सांगतात, पण ऑइल रिंग, म्हणजे भिंतीवरचं ऑइल खरवडणारी पिस्टनची सर्वांत खालची रिंग, खराब असेल तर तिच्यावरूनही ऑइल ओढलं जातं. त्यापेक्षा सकाळचा भपका जास्त विश्वासाचा. म्हणूनच जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. तो कोमट असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवली आहे.

धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. थोडा धूर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पचवून टाकतो. ऑइल मोजा. सपाट जागी, थंड इंजिनात डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, १००० किमी चालवा, त्याच जागी पुन्हा तेवढ्यापर्यंत भरायला किती मिलि लागलं ते लिहून ठेवा. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास ऑइल मावतं. इंजिनखाली आणि टॅपेट कव्हरच्या कडेला गळती नाही ना, हेही बघा.

काही उघडण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ आणि दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, तपासा. टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपात तो बसवलेला असतो. तो चोक झाला की इंजिनातला दाब ऑइलला वाट करून देतो आणि गाडी हुबेहूब रिंगा गेल्यासारखी वागते. काढून हलवल्यावर खुळखुळला पाहिजे, आणि इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. भाग स्वस्त आहे, तरी सगळ्यात शेवटी आठवतो. तो ठीक असून ऑइल भरायच्या झाकणातून धुराचे झोत जोरात येत असतील, तर रिंगांचा संशय बळावतो.

आता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून चार-पाच झटके येईपर्यंत स्टार्टर फिरवा. चांगल्या इंजिनात साधारण १२ ते १४ बार येतात. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा. सिलिंडरांमधला फरक एक बारच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिलि, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय. डिझेल गाडीत ही ओली चाचणी करू नका. ज्वलनाची जागा इतकी लहान असते की चमचाभर ऑइलनेही आकडा उगाच वाढतो.

व्हॉल्व्ह सीलचा कॉम्प्रेशनशी काही संबंध नसतो. त्यामुळे ऑइल जळतंय आणि आकडे उत्तम, म्हणजे सीलच, असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा. ऑइल रिंग कार्बनने जाम झाली तर वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात, आकडे छान येतात आणि गाडी ऑइल पीत राहते. टोयोटाच्या २४०० सीसीच्या टूएझेड-एफई इंजिनात ही तक्रार इतकी झाली की अमेरिकेत कंपनीने ठरावीक गाड्यांना मूळ वॉरंटीपलीकडे पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. आकडे चांगले असून सकाळचा भपका नसेल, तर प्लगच्या भोकातून एंडोस्कोप घालून पिस्टनचा माथा पाहा. कडेला सगळीकडून ओलसर, धुतल्यासारखा पट्टा दिसला तर ऑइल खालून येतंय.

सीलच्या कामात कॅमशाफ्ट उतरवतात, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरतात आणि स्प्रिंग दाबून लॉक काढतात. तीन सिलिंडरच्या १२ व्हॉल्व्ह इंजिनाला १२ सील, चार सिलिंडरच्या १६ व्हॉल्व्ह इंजिनाला १६. सगळेच बदला. स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह आडवा हलवून बघायला सांगा. गाइड झिजून तो डुलत असेल तर नवे सील टिकणार नाहीत, हेड लेथवाल्याकडे जाईल.

रिंगांच्या कामात नुसत्या रिंगा टाकून घेऊ नका. बोअर मोजून घ्या. मर्यादेत असेल तर होनिंग, म्हणजे भिंत घासून तिच्यावर बारीक रेघा पाडणं, हवंच; गुळगुळीत भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत. मर्यादेबाहेर गेला असेल तर बोअरिंग करून (सिलिंडर थोडा मोठा कापून) ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन, आणि तेवढं इंजिन उघडल्यावर बेअरिंगही. हेड उतरलेलंच असतं, तेव्हा सील त्यातच बदलून घ्या.

आणि १००० किमीला २००-३०० मिलि लागत असेल, प्लग कोरडे असतील, तर सध्या काही उघडू नका. डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा कॅन ठेवा, दर ५०० किमीला डिपस्टिक पाहा.