शास्त्रमनन (गोव्यातील मिशनरी परंपरा)

बायबलमधले एखादे वचन किंवा प्रसंग घेऊन त्यावर शांतपणे विचार करणे, तो आपल्या जगण्याशी ताडून पाहणे आणि मगच लोकांपुढे उभे राहणे ही ख्रिस्ती धर्मसेवकांची जुनी साधना आहे. गोव्यात शुभवर्तमानाला वांजेल आणि प्रवचनाला सर्मांव म्हणतात. मनन हे या दोहोंच्या मधले काम. ऐकणाऱ्यांना ते दिसत नाही, पण ते झाले नसेल तर लगेच कळते. गोव्यातल्या मिशनऱ्यांना हे काम दुसऱ्यांच्या भाषेत करावे लागले, आणि शास्त्राचा अर्थ लावताना त्या भाषेनेच त्यांना पुष्कळ शिकवले.

या साधनेची शिस्त मुख्यतः जेज्वीत (जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या) पाद्रींनी आणली. त्यांचे संस्थापक इग्नाती लोयोला यांच्या मनन-पद्धतीला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. प्रसंग नुसता वाचायचा नाही, तो मनापुढे उभा करायचा, अशी ती रीत : वाट कशी होती, घर केवढे होते, कोण काय बोलले, आणि त्या गर्दीत आपण कुठे उभे आहोत. संत फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत आणि मुले व गुलाम गोळा करून त्यांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण देत. ‘माणसाने सारे जग मिळवले आणि आपला जीव गमावला तर त्याला काय लाभ?’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले होते. 1548 साली कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशी इच्छा व्यक्त केली, की पोर्तुगालच्या राजाने रोज पाव तास याच वचनाचे मनन करावे. स्वतःला लागलेला धडा राजालाही तितक्याच सरळपणे सांगावा, ही त्यांची तळमळ त्या पत्रात उघड दिसते.

या परंपरेचे शिखर म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (1549–1619) यांचे ‘ख्रिस्तपुराण’. विल्टशायरमध्ये जन्मलेला हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आला आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे त्याने मुख्यतः साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या त्या भागात काढली. 1616 मध्ये राशोल (रायतूर) येथे रोमी लिपीत छापलेल्या या मराठी ग्रंथात 10,962 ओव्या आहेत. त्याचे दोन भाग : पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा’ ही मराठीची स्तुती सर्वांना पाठ असते. पण ग्रंथाचा जीव खरे तर त्याच्या प्रस्तावनेच्या प्रसंगात आहे. साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला एखादे पुराण का देत नाही? पाद्रीचे शास्त्रवाचन इथून ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला बांधले जाते.

त्यामुळे स्टीफन्सची ओवी भाषांतरासारखी वाटत नाही. आरंभीचे नमन ‘विश्वभरिता’ परमेश्वराला आहे आणि पुढच्याच चरणात ‘देवा बापा’ अशी हाक येते. पहिला शब्द ज्ञानदेवांच्या वाटेने आलेला, दुसरा घरातला. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. असा एकेक शब्द निवडताना मिशनऱ्याला आधी स्वतःला विचारावे लागते, की मूळ वचनात नेमके काय आहे? माझ्या मते तेच त्याचे खरे मनन होते.

त्या काळाची दुसरी बाजूही इथेच नोंदवायला हवी. साष्टीतली देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीला रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेज्वीत सहकारी मारले गेले. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, 1560 पासून चालू होते. 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने तर स्थानिक भाषेच्या वापरावरच घाला घातला. ज्या पुराणाने पाद्रींना लोकांजवळ नेले, त्याच्याच भाषेवर पुढच्या राज्यकर्त्यांनी बंदी आणावी, ही फार दुःखाची गोष्ट आहे. ख्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 आणि 1654 च्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांतून तो टिकला आणि 1907 मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला.

पुढे गोमंतकीय स्वतः मिशनरी झाले. बाणावलीत जन्मलेले संत जोझेफ वाझ (1651–1711) 1687 मध्ये सिलोनला गेले. तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती, म्हणून ते भिकाऱ्याच्या वेषात गावोगाव फिरले. त्यांच्या मागून दिवाडीचे जाकोम गोन्साल्वीस तिथे पोहोचले. त्यांनी सिंहली आणि तमिळ शिकून त्या भाषांत धर्मग्रंथ लिहिले. स्टीफन्सने साष्टीत जे केले, तेच गोव्याच्या मुलाने लंकेत केले. वाझ यांना 2015 मध्ये संतपद मिळाले.

मननाची ही रीत आज रेतीरांत (प्रार्थनेसाठी काढलेल्या एकांताच्या दिवसांत) आणि वाड्यावाड्यांतल्या वांजेल-वाचनात चालते. पण शास्त्र आणि माती यांची सर्वांत जवळची गाठ कणसांच्या फेस्तात, म्हणजे नव्या पिकाच्या सणात पडते. राय गावात ते 5 ऑगस्टला असते. पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणावी असे लेवीय पुस्तकात सांगितले आहे. इथे पावसात भिजलेल्या शेतात पाद्री विळ्याने भाताची पहिली कणसे कापतो, त्यांना आशीर्वाद देतो आणि ती वेदीवर नेली जातात. लेवीयातली पेंढी जवाची होती, रायची भाताची आहे. मग लोक आपापल्या वाट्याची कणसे घरी नेतात आणि ओल्या हातांनी खुरसापाशी (क्रुसापाशी) लावून ठेवतात.