गडसंवर्धनाची संस्था नोंदवताय? अर्ज अडतो तो इथे

वर्षभर गडावर श्रमदान केलेली पोरं एक दिवस ठरवतात की आता संस्था रीतसर नोंदवायची. मग कुणाच्या तरी जुन्या संस्थेची घटना मिळवून, नाव बदलून अर्ज भरला जातो आणि महिन्याभरात त्रुटीपत्र येतं. अशी बरीच त्रुटीपत्रं वाचून झाली आहेत. कारणं ठरलेली असतात.

नोंदणी दोन कायद्यांखाली होते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. दोन्हींसाठी जायचं धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयातच. किमान सात सदस्य, विधानपत्र, नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, संमतिपत्रं, ओळखीचे पुरावे, प्रतिज्ञापत्र. एवढं सगळे जमवतात. सातही जण एकाच घरातले मात्र नकोत, शंका येते.

पहिला अडथळा नाव. गडाची संस्था म्हटल्यावर महाराजांचं नाव सुचणारच. पण बोधचिन्हं व नावांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५०च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, नुसता ‘शिवाजी’ हा शब्दही आहे. भक्ती कितीही खरी असली तरी खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. गडाचं, नदीचं, गावाचं नाव घ्या. पर्यायी नावंही तयार ठेवा.

दुसरा अडथळा पत्त्याचा, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच रुततात. कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं नाहरकतपत्र लागतं, सोबत लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती. आता आपल्याकडे लाइट बिल असतं आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. एका मुलाने नाहरकतपत्रावर वडिलांची सही आणली होती, बिलावर नाव आजोबांचं. अर्ज तीनदा परत आला, आणि कारण नीट सांगितलं गेलं ते तिसऱ्या वेळी! पहिल्याच त्रुटीपत्रात एक ओळ जास्त लिहायला काय जातं, कळत नाही. वारसनोंद होईपर्यंत थांबू नका. ज्या सदस्याच्या स्वतःच्या नावावर घर आहे, त्याचा पत्ता द्या.

उद्देशांच्या कलमात ‘गडांची दुरुस्ती व पुनर्बांधणी करणे’ असं बेधडक लिहू नका. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने जतन व संवर्धनास साहाय्य करणे’ असं लिहा. शाळांमधून वारसा आणि संविधान शिकवायचं असेल तर तेही निःसंकोच घाला. १८६०च्या कायद्याच्या कलम २० मध्ये उपयुक्त ज्ञानाचा आणि राजकीय शिक्षणाचाही प्रसार हा मान्य उद्देश आहे. प्रचार मात्र कुठल्याच पक्षाचा नको.

मुदतीबाबत दोन गैरसमज ऐकू येतात. संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संपलं, हा पहिला. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे विश्वस्त व्यवस्था निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत तिच्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो. प्रमाणपत्र तुम्ही हातात कधी घेतलंत याला अर्थ नाही. दुसरा, अध्यक्ष बदलला तर वर्षअखेरीस कळवू. त्याच अधिनियमाच्या कलम २२ खालचा बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, बदल झाल्या दिवसापासून ९० दिवसांत द्यायचा. तो राहिला की पीटीआर उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीच्या उताऱ्यावर, जुनीच मंडळी दिसतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. मग विलंब माफीचा अर्ज आणि तारखा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोंदणी म्हणजे गडाला हात लावायची परवानगी नव्हे. आधी गड कुणाचा ते शोधा. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा यांच्यासह आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. अर्ज चुकीच्या दारात गेला तर तो पुढे पाठवला जाईल या भरवशावर राहू नका. असंरक्षित गडांचं त्याहून अवघड. पायथा वन विभागाचा, माथा महसूलचा, मधली सपाटी कुणाच्या तरी मालकीची. गट नंबर कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तलाठ्याकडून गावाचा नकाशा आणि सातबारा आधी काढा.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. माहितीफलकासाठी सिमेंटचा ओटा बांधायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या. आणि टाकं साफ करताना गाळात तोफ किंवा नाणी सापडली तर फोटो काढून तिथेच थांबा. १८७८चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तोफ खांद्यावर घेऊन गावात मिरवणूक काढलेली मंडळी मी पाहिली आहेत. पुढचे सहा महिने ती जबाब देत होती.