मोंढ्यातला भाव आणि संपर्क तुटलेलं मशीन

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात आवक वाढते, तेव्हा औसा-निलंग्याकडच्या शेतकऱ्याला पोती टेम्पोत टाकण्याआधी एकच गोष्ट हवी असते: आजचा भाव. समजा, हा भाव मोबाइलवर दाखवणारी सेवा आपल्याला उभी करायची आहे. बघणाऱ्याला ती एक स्क्रीन दिसते. आत मात्र निदान पाच प्रोग्राम राबत असतात. एक सौद्याची नोंद घेतो, एक ती साठवतो, एक मेसेज पाठवतो, एक त्या मेसेजची रांग सांभाळतो आणि एक स्क्रीन दाखवतो. प्रत्येकाच्या लायब्ररी वेगळ्या, आवृत्त्या वेगळ्या. एकाला पायथॉनची जी आवृत्ती लागते, ती दुसऱ्याला चालत नाही.

हा गुंता सोडवायला कंटेनर आले. कंटेनर म्हणजे संगणकाच्या आतला छोटा संगणक, असा समज फार पसरलाय. तो चुकीचा आहे. लिनक्सवर चालणारा तो साधा प्रोग्रामच असतो, फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला इतरांपासून वेगळा ठेवतो. नेमस्पेसमुळे त्याला स्वतःच्याच फायली आणि स्वतःचंच नेटवर्क दिसतं. सीग्रुपमुळे त्याच्या मेमरीला आणि प्रोसेसरच्या वापराला मर्यादा पडते. मेमरीची मर्यादा ओलांडली की कर्नल त्याला तिथल्या तिथे मारतो आणि नोंदीत १३७ हा कोड उरतो. सीग्रुप लिनक्सच्या कर्नलमध्ये २००८ साली आले, डॉकर मात्र २०१३चा. डॉकरने प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधून कुठेही चालवण्याची सोपी पद्धत दिली, आणि मग हे तंत्र घरोघरी पोचलं.

इमेज थरांची असते. तळाला लिनक्सच्या मूळ फायली, त्यावर लायब्ररी, सगळ्यात वर आपला कोड. प्रत्येक थराला त्याच्या मजकुरावरून काढलेला एसएचए-२५६चा ठसा असतो. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मशीनवर त्या ठशाचा थर आधीच असेल, तर तो पुन्हा उतरवावा लागत नाही. तालुक्याच्या गावी नेट रडतखडत चालतं तिथे याचं मोल कळतं. रोज बदलणारा कोड वर ठेवला तर नव्या आवृत्तीला काही एमबी पुरतात. तोच खाली ठेवला तर त्याच्या वरचे सगळे थर नव्याने बनतात आणि लायब्ररींचं ओझं दर वेळी पुन्हा वाहावं लागतं. आणखी एक: इमेजला नुसतं 'लेटेस्ट' असं नाव देऊ नये. दोन मशीनवर वेगवेगळ्या दिवशी उतरवलेले दोन वेगळे प्रोग्राम मग एकाच नावाने चालत राहतात आणि चूक सापडता सापडत नाही.

बांधाबांध झाली. आता हे पाच प्रोग्राम कुठल्या मशीनवर चालवायचे, मेला तर कुणी उठवायचा, हे कुणीतरी पाहायला हवं. ते काम कुबरनेटिस करतं. गूगलने आपल्या बोर्ग या अंतर्गत यंत्रणेच्या अनुभवावरून ते घडवलं, २०१४मध्ये खुलं केलं आणि जुलै २०१५मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. त्याला एकेक हुकूम सोडायचा नसतो, हवी ती स्थिती लिहून द्यायची असते: ही इमेज, एवढी मेमरी, स्क्रीनच्या तीन प्रती. पैठणला जायकवाडीवर असंच चालतं. धरणाच्या परिचालन सूचीत अमुक तारखेला पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचं ते ठरलेलं असतं. २७ दरवाजांपैकी किती आणि किती फूट उघडायचे हे वरून येणाऱ्या पाण्यावर ठरतं. कुबरनेटिसही हवं ते आणि आहे ते यांची अखंड तुलना करतं, आणि फरक दिसला की दुरुस्ती करतं.

स्क्रीनच्या प्रतींना हे झकास लागू पडतं. एक मेली, दुसरी उभी केली. त्यांच्यात फरकच नसतो. डेटाबेसचं तसं नाही. त्याच्या पोटात डेटा आहे आणि प्रत्येक प्रतीचं स्वतःचं स्थान आहे: एक मुख्य, बाकीच्या तिच्यामागे चालणाऱ्या. म्हणून त्याला स्टेटफुलसेट या प्रकारात चालवतात. प्रतींना भाव-०, भाव-१, भाव-२ अशी कायमची नावं मिळतात, प्रत्येकीला स्वतःची डिस्क मिळते आणि त्या क्रमाने सुरू होतात.

आता बघा काय होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि भाव-० ज्या मशीनवर होती त्याचा संपर्क तुटला. त्या मशीनची खबर येईनाशी झाली की कुबरनेटिस त्या मशीनवर खूण करतं आणि ठरलेली ५ मिनिटं वाट पाहून त्याच्यावरच्या प्रती काढून टाकायला घेतं. स्क्रीनच्या प्रती दुसऱ्या मशीनवर उभ्या राहतात. भाव-० मात्र 'टर्मिनेटिंग' (बंद होत असलेली) अवस्थेत अडकून पडते आणि तिच्या जागी नवी येत नाही. नवखे लोक इथे वैतागतात. पण कुबरनेटिसचं बरोबर आहे! मशीन जळलंय की नुसतं तुटलंय, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. ते जिवंत असेल आणि पलीकडे नोंदी घेत असेल, तर दुसरी भाव-० उभी करणं म्हणजे एकाच सौद्याची दोन खाती सुरू करणं. नंतर केबल जोडली गेली की खरा भाव कोणता, हे कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही. म्हणून ते थांबतं. मशीन खरोखर बंद आहे याची कुणीतरी खात्री करून त्याला क्लस्टरमधून, म्हणजे कुबरनेटिसच्या ताब्यातल्या मशीनच्या गटातून, काढलं, की मगच पुढची हालचाल होते.

भाव-१ आणि भाव-२ यांपैकी जास्त ताजी कोणती, मुख्य कुणाला करायचं, जुनी परतली तर तिने कुणामागे चालायचं, हेही कुबरनेटिसला ठाऊक नसतं. हे ज्ञान डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं, आणि माझ्या मते गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर 'पॅक करणं' म्हणजे हेच ज्ञान पॅक करणं. कोरओएस या कंपनीने २०१६मध्ये त्यासाठी ऑपरेटर ही कल्पना मांडली: क्लस्टरमध्येच चालणारा, डेटाबेसची स्थिती सतत तपासून ही सगळी कामं करणारा प्रोग्राम. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी असे ऑपरेटर खुले आणि फुकट मिळतात. स्वतः लिहायला बसण्याआधी ते जरूर पाहावेत.

हेल्म हे साधन त्याहून सोपं काम करतं. सगळ्या सेटिंगच्या फायली एका चार्टमध्ये गोळा करायच्या, लातूरसाठी वेगळे आकडे, नांदेडसाठी वेगळे. एका आदेशात मागच्या आवृत्तीवर परतताही येतं. पण नव्या आवृत्तीने डेटाबेसच्या तक्त्यातला रकाना काढून टाकला असेल, तर हेल्म तो परत आणत नाही. बॅकअप हा स्वतंत्र विषय आहे आणि तो आधी सोडवावा लागतो.

एका बाजार समितीची एक सेवा असेल तर हे सगळं लागतच नाही. एक चांगलं मशीन, यूपीएस आणि रोज तपासलेला बॅकअप पुरेसा आहे. सेवा वाढल्या, अनेक हातांनी रोज बदल होऊ लागले, की मग क्लस्टरचा खर्च भरून निघतो.

शिकायला मात्र मोठं भांडवल लागत नाही. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजच्या लॅबमधले तीन जुने पीसी पुरतात. केथ्रीएस ही कुबरनेटिसची हलकी आवृत्ती १०० एमबीहून लहान एकाच फाइलमध्ये येते. तिन्ही पीसी सर्व्हर म्हणून जोडावेत, कारण निर्णयाला बहुमत लागतं आणि तिघांतला एक गेला तरी दोघे उरतात. मग एकाची वीज तोडा. दुसऱ्या वेळी वीज राहू द्या, फक्त नेटवर्कची वायर काढा. दोन्ही वेळा उरलेल्या पीसींवरून नोडची, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनची, यादी मागवा. दोन्ही वेळा त्या पीसीपुढे 'नॉट रेडी' असंच दिसेल.