बियांचे जलतापीय द्रवीकरण

बिया किंवा तेल काढून उरलेली पेंड पाण्यासह बंद पात्रात २५० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून द्रवरूप जैवइंधन मिळवण्याची प्रक्रिया. घरच्या कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते आणि दाब वातावरणाच्या दुप्पट असतो; इथे ३०० अंशांना तो सुमारे ८५ पट होतो. त्यामुळे पात्र जाड पोलादाचे लागते. ते काठोकाठ भरत नाहीत, कारण एवढ्या तापमानाला पाणी फुगून जवळजवळ दीडपट जागा व्यापते.

अशा पाण्याचा स्वभावच पालटतो. एरवी तेलाशी फटकून राहणारे पाणी तेल विरघळवू लागते. त्यातले हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयन वीसेक पटींनी वाढतात, म्हणून वेगळे आम्ल न घालताही बियांतल्या तेलाचे मेदाम्ले व ग्लिसरॉल असे तुकडे पडतात. प्रथिने, स्टार्च आणि टरफलातले सेल्युलोजही फुटते व त्यांचे तुकडे पुन्हा जुळून तेलकट द्रव्य बनते. पात्र गार करून झडप उघडली की आधी वायू फुसफुसत निघतो. त्यात बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. खाली उरते तपकिरी पाणी, थोडा कोळसा आणि भांड्याला चिकटलेले काकवीसारखे दाट, काळे, धुरकट वासाचे कच्चे जैवतेल.

या प्रक्रियेची खरी किंमत ओल्या मालात कळते. एक किलो पाणी २५ अंशांपासून तापवून पूर्ण आटवायला सुमारे २,५७० किलोज्यूल लागतात. तेच दाबाखाली द्रव ठेवून ३०० अंशांना न्यायला १,२४० पुरतात, आणि त्यातली बरीच उष्णता पुढच्या खेपेला परत वापरता येते.

करंजाचे उदाहरण घ्या. त्याच्या कोरड्या, निरोगी बियांत साधारण तिसरा हिस्सा तेल असते. तिथे घाणा हाच स्वस्त आणि शहाणा मार्ग. पेंडही टाकाऊ नाही, शेतकरी ती खत म्हणून विकत घेतात. ती जाळायच्या तेलात घालवणे मला पटत नाही. पण पावसात भिजून बुरशी धरलेल्या बियांचे तेल आम्लट होते. नेहमीच्या पद्धतीने बायोडिझेल करताना कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कामुळे त्याचा साबण होतो. गरम पाण्याला मात्र ही आम्लता आड येत नाही.

कच्चे जैवतेल थेट इंजिनात चालत नाही. त्यात ऑक्सिजन आणि प्रथिनांतून आलेला नायट्रोजन राहतो. ते दोन्ही उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन काढावे लागतात, आणि खर्च तिथेच वाढतो.